अमेरिकेत सायकियाट्रिक सर्व्हिस डॉग हवाय? अर्ज कुठे करायचा, कागद काय लागतात

आधी हेच सांगते, कारण लोकांचे पैसे इथेच जातात: सर्व्हिस डॉगसाठी, म्हणजे आजारात मदत करायला खास शिकवलेल्या कुत्र्यासाठी, अमेरिकेत सरकारी अर्ज नाही, सरकारी कार्ड नाही आणि नोंदणीचं ऑफिसही नाही. आपल्याला सवय अशी की आधी दाखला आणि मग सवलत, त्यामुळे ऑनलाइन पैसे भरले की आयडी कार्ड, जॅकेट आणि "अधिकृत रजिस्ट्रेशन" घरपोच देणाऱ्या साइट दिसल्या की काम झालं असं वाटतं. त्या सर्टिफिकेटने कुठलाच हक्क मिळत नाही, जस्टिस डिपार्टमेंटने हे स्वतः स्पष्ट केलंय. प्लीज तिथे एक डॉलरही भरू नका.

हक्क मिळतो तो एडीए (अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज) या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने, आणि त्याला दोन गोष्टी लागतात. एक, आजारामुळे झोप, एकाग्रता, घराबाहेर पडणं, नोकरी असं रोजचं जगणं खरोखर अडत असलं पाहिजे, मग तो पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास) असो, पॅनिक डिसऑर्डर, बायपोलर की तीव्र डिप्रेशन, नुसतं निदान असून भागत नाही. दोन, कुत्र्याला त्या आजाराशी संबंधित ठरावीक काम शिकवलेलं असलं पाहिजे. तो जवळ असला की बरं वाटतं, हे काम धरत नाहीत, तो इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल झाला आणि त्याला दुकानात, हॉटेलात जायचा हक्क एडीए देत नाही. पॅनिक अटॅकची लक्षणं दिसली की मांडीवर अंगाचा भार टाकून पडून राहणं, वाईट स्वप्नात माणूस ओरडायला लागला की उठवणं, गोळीच्या वेळेला नाकाने ढोसत राहणं, स्वतःला ओरबाडायला लागलं की नाक किंवा पंजा मध्ये घालून थांबवणं, ही कामं. एच-१बी व्हिसावर चालतं का, असं बरेच जण विचारतात. चालतं, या हक्कासाठी नागरिक असावं लागत नाही.

कुत्रा मिळवायचे रस्ते दोन. असे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेकडून घ्यायचा असेल तर तिला असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनलची (अशा संस्थांना मान्यता देणारी संघटना) मान्यता आहे का ते आधी बघा, मग त्यांचा फॉर्म, डॉक्टर किंवा थेरपिस्टची माहिती, मुलाखत, आणि बऱ्याच ठिकाणी मोठी वेटिंग लिस्ट. काही संस्था फक्त माजी सैनिकांनाच कुत्रे देतात, तेव्हा फॉर्म भरायच्या आधीच विचारून घ्या. दुसरा रस्ता म्हणजे स्वतः ट्रेन करायचं, एडीएला ते पूर्ण मान्य आहे, पण शिकत असलेल्या कुत्र्याला एडीए लागू होत नाही, त्याचं तुमच्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून, आणि माझं मत विचाराल तर चांगल्या ट्रेनरची मदत घ्याच, कारण कुत्रा आवरला नाही किंवा आत घाण केली तर दुकानदार त्याला बाहेर न्यायला सांगू शकतो.

दारात दोनच प्रश्न विचारता येतात: हा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. "हो, अटॅक यायला लागला की तो मला तिथून बाहेर घेऊन जातो," एवढं उत्तर पुरतं. आजाराचं नाव सांगायची गरज नाही, कागद दाखवायची नाही, तिथे काम करून दाखवायला लावता येत नाही. आपल्याकडे मानसिक आजार चार लोकांत बोलायची चोरी असते, त्यामुळे कित्येक जण या भीतीनेच मागे फिरतात, म्हणून हे पाठच करून ठेवा. मंदिरात मात्र हा नियम नाही, धार्मिक संस्थांना एडीएतून सूट आहे, तेव्हा गणपतीत दर्शनाला जायच्या आधी फोन करून विचारा.

कागद लागतात ते पुढे. भाड्याच्या घरासाठी फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट लागतो, अपंगत्व दिसण्यासारखं नसेल तर घरमालक तुमच्यावर उपचार करणाऱ्याचं पत्र मागू शकतो, पण पेट फी किंवा पेट डिपॉझिट घेऊ शकत नाही. ऑफिसमध्ये एचआरकडे लेखी रिक्वेस्ट द्यायची, तिथेही पत्र मागतात. लसीकरण आणि गावाचं कुत्र्याचं लायसन्स सगळ्यांसारखंच, त्यात सूट नाही.

विमानासाठी २०२१ पासून डीओटीचा (अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा) सर्व्हिस अ‍ॅनिमल फॉर्म आहे, त्यात रेबीजची लस, व्हेट आणि ट्रेनिंगची माहिती असते, एअरलाइन तो ४८ तास आधी मागू शकते. आठ तास किंवा जास्तीच्या फ्लाइटला अजून एक फॉर्म, कुत्रा विमानात घाण करणार नाही किंवा केलीच तर नीट आवरता येईल असं लिहून द्यायचा. यात खोटं लिहिणं फेडरल गुन्हा आहे.

आणि भारतात नेणार असाल तर भारतात शिरण्यासाठी एक्यूसीएसची (भारताच्या प्राणी क्वारंटाइन विभागाची) एनओसी काढावी लागतेच, पण परतीचं जास्त लक्षात ठेवा. सीडीसीच्या (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) यादीत भारत रेबीजचा हाय रिस्क देश आहे, त्यामुळे मायक्रोचिप, सीडीसीचा डॉग इम्पोर्ट फॉर्म आणि लस अमेरिकेत दिल्याचं यूएसडीएने (अमेरिकेच्या कृषी खात्याने) एंडोर्स केलेलं सर्टिफिकेट हवं, सर्व्हिस डॉग असला तरी. हे सर्टिफिकेट अमेरिका सोडायच्या आधीच करून घ्यायचं, पुण्याला पोचल्यावर आठवलं तर परतीला लॅबच्या टेस्ट, क्वारंटाइन अशी सगळी वेगळीच प्रक्रिया लागते.