वळीव-टेहळणी

वळीव-टेहळणी : उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, साधारणतः आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासपासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, गडगडाटी वादळे उभी राहताना, सरकताना आणि विरताना पाहण्याचा, त्यांची छायाचित्रे घेण्याचा व वेळेसह नोंदी ठेवण्याचा हौशी छंद. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार खानदेशापुरता, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांपुरता केला आहे. अमेरिकेत याच्या जवळच्या छंदाला ‘वादळाचा पाठलाग’ म्हणतात. खानदेशात पाठलाग हा शब्द नीटसा लागू पडत नाही. येथील वादळामागे धावणाऱ्यापेक्षा मोक्याच्या जागी थांबून राहणाऱ्याच्या पदरी अधिक पडते.

‘वळीव’ हा शब्द सामान्यतः ‘वळणे’ या क्रियापदाशी जोडला जातो, परंतु वळते ते नेमके काय याविषयी एकमत नाही. एका स्पष्टीकरणानुसार वारा दिशा बदलतो म्हणून वळीव; दुसऱ्यानुसार गेलेला ढगच फिरून माघारी येतो म्हणून. पहिले स्पष्टीकरण प्रत्यक्ष अनुभवाशी अधिक जुळते, कारण पाऊस येण्यापूर्वी काही मिनिटे वारा पडतो आणि मग एकाएकी ढगाच्या दिशेकडून सुटतो. वृत्तपत्रांत हल्ली वळवालाही सरसकट ‘अवकाळी’ म्हटले जाते. ते काटेकोरपणे बरोबर नाही. अवकाळी पाऊस हिवाळ्यात किंवा फाल्गुनात, काळ नसताना येतो, वळवाला मात्र स्वतःचा काळ आहे. ‘वादळ’ हा शब्दही मराठीत फार पसरट आहे. समुद्रावरून येणारे चक्रीवादळ, शेतातून फिरणारी वावटळ आणि आकाशात दहा-बारा किमी उंच चढणारे गडगडाटी वादळ या तिन्ही घटना वेगळ्या असून येथे केवळ तिसरी अभिप्रेत आहे. अक्षय्य तृतीयेला खानदेशालगत बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे होणाऱ्या घटमांडणीशीही या छंदाची गल्लत करू नये. तेथे आगामी हंगामाचे भाकीत सांगतात, टेहळणीत समोरच्या ढगापलीकडचे काही सांगितले जात नाही.

या छंदाचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७५५ मध्ये मेरीलँडमध्ये घोड्यावरून एका वावटळीचा माग काढला आणि चाबकाच्या फटक्यांनी ती मोडते का हेही पाहिले. ती मोडली नाही. काही लेखक आरंभ येथूनच धरतात, पण ती वावटळ होती, गडगडाटी वादळ नव्हे. विसाव्या शतकात रॉजर जेन्सन आणि डेव्हिड होडली या दोन अमेरिकी हौशींची नावे पुढे येतात. जेन्सन १९५३ च्या सुमारास वादळांमागे जाऊ लागले असे मानले जाते, तर होडली यांची सुरुवात १९५६ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यातील बिस्मार्क येथे झाली. काळाच्या हिशेबाने अग्रमान जेन्सन यांच्याकडे जात असला, तरी या छंदाला शिस्त व परस्परसंपर्क लाभला तो मुख्यतः होडली यांच्यामुळे. त्यांनी १९७७ मध्ये हौशी निरीक्षकांसाठी एक वार्तापत्रही सुरू केले. १९७२ पासून ओक्लाहोमा विद्यापीठ आणि तेथील राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळा यांनी टॉर्नेडोला, म्हणजेच घूर्णवाती वादळाला, रस्त्यावर गाठण्याचा संघटित प्रकल्प हाती घेतला आणि हौस व संशोधन यांची सांगड पडली.

तेथील पद्धत खानदेशात जशीच्या तशी का चालत नाही, हे समजण्यासाठी ढगाच्या तळाची उंची पाहावी लागते. जमिनीलगतच्या हवेचे तापमान व तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते) यांतील फरकाला १२५ ने गुणले, की राशिमेघाच्या, म्हणजे ढिगासारख्या फुगणाऱ्या ढगाच्या, तळाची जमिनीपासूनची उंची अदमासे मीटरमध्ये मिळते. भुसावळ-जळगावकडे मेच्या दुपारी तापमान ४३° से. आणि दवबिंदू १८° से. असेल, तर फरक २५ व तळ सुमारे ३,१२५ मी. वर येतो. अमेरिकेच्या मैदानांत दमट दिवशी तो बहुधा १ किमीच्या आसपास असतो. तळ इतका उंच असल्याने थेंबांना तीन किमी कोरड्या हवेतून उतरावे लागते आणि त्यांतील पुष्कळसे वाटेतच आटतात. ढगाखाली लोंबणाऱ्या, परंतु जमिनीला न टेकणाऱ्या करड्या झालरी दिसतात त्या याच. बाष्पीभवनाने थंड व जड झालेली हवा मात्र खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. यालाच अधोवात म्हणतात. म्हणून येथे वळवाचे पहिले लक्षण पाऊस नसून धूळ असते, आणि कधी कधी तेच शेवटचेही ठरते.

दुसरे कारण वाऱ्यांच्या थरांचे आहे. ढग दीर्घकाळ टिकून फिरता राहण्यासाठी जमिनीलगतचा वारा व उंचावरील वारा यांच्या वेगात आणि दिशेत मोठा फरक लागतो. उपोष्ण जेट वारा, म्हणजे खूप उंचावरून पश्चिमेकडून वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा, मेपर्यंत उत्तरेकडे सरकतो, तेव्हा हा फरक घटतो. परिणामी खानदेशातील एकेरी गर्जन्मेघ (गडगडाटी ढग) बहुधा अर्ध्या ते एका तासात विझतो. चाळीस किमी गाडी हाकून जाईपर्यंत त्याचा केवळ पसरलेला माथा उरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जेट वारा दक्षिणेकडे असतो व गोठणपातळी, म्हणजे ज्या उंचीवर पाणी गोठू लागते ती, खाली असते; त्यामुळे गारा वाटेत कमी वितळतात. गारपिटीचा जोर त्या महिन्यांत अधिक का, याचे स्पष्टीकरण यातून मिळते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील महाराष्ट्रव्यापी गारपीट हे त्याचे ठळक उदाहरण होय.

वादळे प्रथम कोठे उभी राहतात याविषयी दोन मते आढळतात. एका मताने उत्तरेचा सातपुडा व दक्षिणेची सातमाळा-अजिंठा रांग दुपारी तापतात, डोंगरउतारावरून हवा चढते आणि ढग तेथेच धरतो. दुसऱ्या मताने दमट व कोरडे वारे जेथे भिडतात ती रेषा निर्णायक असते, डोंगर नव्हे. दिवस कोणता हे रेषा ठरवते आणि जागा कोणती हे डोंगर, असे मानणे अधिक सुरक्षित दिसते. डोंगर रोजच तापतात, ढग रोज धरत नाहीत.

टेहळणीस उघडे क्षितिज लागते. कपाशीची शेते मेमध्ये नांगरून रिकामी असतात, त्यामुळे काळ्या मातीच्या पट्ट्यात नजर लांबवर जाते; रावेर-यावलकडे मात्र केळीच्या बागा दृष्टी अडवतात. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, हतनूर धरणाचा परिसर व तापीवरील पूल येथून आकाश मोकळे दिसते. अशा ठिकाणी दुपारी दोनच्या सुमारास सातपुड्याच्या माथ्यावर कापसाच्या बोंडासारखे ढग फुगू लागतात. फुलकोबीसारख्या रेखीव कडा पुसट होऊन माथा ऐरणीसारखा पसरला, की ढगाच्या शेंड्याला बर्फ धरले असे समजतात. तळ निळसर-काळा होतो, वारा पडतो, उकाडा असह्य होतो, आणि मग क्षितिजावर तांबूस-भुऱ्या धुळीची भिंत उठते. ती पोहोचताच बाभळी एका बाजूला झुकतात व तापमान काही मिनिटांत दहा-दहा अंशांनी उतरू शकते. मोठे, विरळ थेंब त्यानंतर पडतात. धुळीतून आल्यामुळे ते कपड्यांवर मातीचे डाग ठेवतात.

डोळ्यांनी केलेल्या नोंदीला येथे मोल आहे, कारण मुंबई, नागपूर व भोपाळ येथील डॉप्लर रडारांपासून (ढगांतील पाऊस व वारा टिपणाऱ्या यंत्रांपासून) जळगाव सरळ रेषेत ३०० किमीहून दूर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे इतक्या अंतरावर रडारचा सर्वांत खालचा झोतही सुमारे आठ किमी उंचीवरून जातो, त्यामुळे ढगाचा माथा दिसतो आणि तळाशी काय चालले आहे ते निसटते. इन्सॅट उपग्रहांची चित्रे आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे वीज पडण्याची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप ही हौशींची नेहमीची साधने होत.

धोका मुख्यतः विजेचा आहे. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. लकाकी व गडगडाट यांतील सेकंदांना तीनने भागले की अंतर किमीमध्ये येते. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर किल्ल्याचा माथा, एकाकी लिंब व धरणाची भिंत सोडून पक्के घर किंवा काचा बंद केलेली पत्र्याच्या टपाची मोटार गाठावी. अनुभवी माणूसही सुरक्षित नसतो. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रीनो येथे अमेरिकी वादळ-संशोधक टिम सॅमरस, त्यांचा मुलगा पॉल व सहकारी कार्ल यंग हे टॉर्नेडोत मृत्युमुखी पडले.

केळी उत्पादकांच्या दृष्टीने धूळवाऱ्याची वेळ व दिशा ही केवळ हौसेची बाब राहत नाही. घडांनी जड झालेली खोडे चंडवातात एकाच दिशेला आडवी होतात, आणि फळपीक विम्यात वाऱ्याचा वेग महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावरून धरला जातो. अधोवाताचा पट्टा मात्र अनेकदा दोन-चार किमीच रुंद असतो; तो केंद्राला न शिवता शेजारच्या शिवारातून निघून जाऊ शकतो.