पासपोर्ट होता, देश नव्हता

नोव्हेंबर 2024 मध्ये चीनने व्हिसामुक्त प्रवेशाच्या यादीत नऊ देशांची भर घातली. त्यात जपान होता, माल्टा होता, आणि बाल्टिक समुद्राकाठचे एस्टोनिया व लाटव्हिया होते. या दोघांचं नाव ज्याच्याशिवाय घेतलं जात नाही, तो लिथुआनिया मात्र नव्हता. पंगतीत दोन भावांना वाढलं आणि तिसऱ्याच्या पानावरून वाढपी पुढे गेला. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. 2021 मध्ये व्हिल्नियस या राजधानीच्या शहरात तैवानचं प्रतिनिधी कार्यालय उघडलं आणि त्याच्या नावात, इतर देशांत असतो तसा 'तैपेई' हा तैवानच्या राजधानीचा शब्द न येता 'तैवानी' हा शब्द आला. तैवानला आपलाच भाग मानणाऱ्या चीनने राजदूताच्या पातळीवरचे संबंध खाली आणले. पाटीवरच्या त्या एका शब्दाचा हिशेब तीन वर्षांनंतरही चुकता झालेला नव्हता.

लिथुआनियन नागरिकाला कुठे व्हिसा लागतो नि कुठे नाही, याचा आजचा तक्ता पाहिला तर तो सुखवस्तू देशाचा दिसतो. आधी व्हिसा न काढता 180च्या आसपास देश-प्रदेशांत जाता येतं. युरोपीय संघात तर पासपोर्टचीही गरज नाही, ओळखपत्र पुरतं. भारतात यायचं तर ई-व्हिसाचा ऑनलाइन अर्ज. आधी व्हिसा काढायला लावणारे मोठे देश म्हणजे मुख्यतः रशिया आणि चीन. पण हा तक्ता पर्यटन कंपनीच्या नजरेने न वाचता इतिहासाच्या नजरेने वाचावा. त्यातल्या बहुतेक रकान्यांमागे कुणीतरी कधीतरी 'तुमचा देश आहे' असं मान्य केल्याची किंवा मान्य करायचं नाकारल्याची गोष्ट आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वी 'लिथुआनियन पासपोर्ट' अशी वस्तूच नव्हती. लिथुआनियन बोलणारे लोक दोन साम्राज्यांत वाटलेले होते, बहुतेक झारच्या रशियात आणि थोडे जर्मनीच्या पूर्व प्रशियात. या सरहद्दीवरच्या एका माणसाची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले जिवलग हर्मान कालेनबाख यांचा जन्म आजच्या लिथुआनियातल्या झेमाइचू नाउमिएस्तिस या गावचा, पण कागदोपत्री ते जर्मन. 1914 मध्ये ते गांधीजींबरोबर भारतात यायला निघाले. दोघे लंडनला पोहोचेपर्यंत युद्ध पेटलं, जर्मन म्हणून त्यांना पुढे येऊ दिलं गेलं नाही आणि पुढे आइल ऑफ मॅनवर नजरकैदेत ठेवलं गेलं. दोघांची पुन्हा भेट झाली ती थेट 1937 मध्ये, भारतात.

16 फेब्रुवारी 1918 रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. आज आपण पाहतो तशी ठरावीक नमुन्याची पासपोर्टची पुस्तिका राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेत सुचवली गेली, ऑक्टोबर 1920 मध्ये. योगायोग असा की त्याच महिन्यात पोलिश फौजांनी व्हिल्नियस घेतलं. सरकार कौनासमधूनच चालत राहिलं आणि दोन्ही देशांमधली ताबारेषा बंद झाली. राजनैतिक संबंध नाहीत, थेट टपाल नाही, रेल्वे नाही. कौनास ते व्हिल्नियस अंतर आपल्याकडच्या मुंबई-लोणावळ्याहून थोडंसंच जास्त, पण व्हिल्नियसच्या मामाकडे जायचं तर लाटव्हियातून किंवा पूर्व प्रशियातून वळसा. घटनेत राजधानी म्हणून नाव व्हिल्नियसचं आणि तिथे जायला कौनासच्या माणसाला परवानगी नाही.

यावर लोकांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. 1930च्या दशकात व्हिल्नियस मुक्तीसाठी झटणाऱ्या मंडळींनी 'व्हिल्नियस पासपोर्ट' नावाची पुस्तिका काढली. ती कुठल्याच सीमेवर चालत नसे. वर्गणी दिली की एक तिकीट मिळायचं, ते आत चिकटवायचं. जिथे जाता येत नाही त्या शहराच्या नावाने लोक घरोघरी एक पासपोर्ट भरत बसले होते. मार्च 1938 मध्ये पोलंडने निर्वाणीचा खलिता पाठवून संबंध सुरू करायला भाग पाडलं. ऑक्टोबर 1939 मध्ये व्हिल्नियस परत मिळालं, पण स्टालिनच्या हातून, आणि सोबत सोव्हिएत लष्करी तळही आले. त्या देणगीची किंमत वसूल व्हायला आठ महिने लागले. 15 जून 1940 रोजी लाल सेना देशात शिरली.

त्या उन्हाळ्यात कौनास हे कदाचित जगातलं सगळ्यात हताश व्हिसा-शहर होतं. हिटलरपासून पळालेले पोलिश ज्यू निर्वासित तिथे अडकले होते आणि परदेशी वकिलाती एकेक करून बंद होत होत्या. डच मानद वाणिज्यदूत यान झ्वार्टेनडाइक हे मुळात एका रेडिओ कंपनीचे माणूस. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव या डच बेटावर जायला व्हिसा लागत नाही, मात्र तिथल्या गव्हर्नरची परवानगी लागते, असा नियम होता. झ्वार्टेनडाइक यांनी नियमाचा पूर्वार्ध तेवढा पासपोर्टवर लिहून दिला आणि उत्तरार्ध गाळला. 'मुक्काम' सापडला म्हटल्यावर वाट लागणार होती. ती जपानी वाणिज्यदूत चिऊने सुगिहारा यांनी दिली. टोकियोची संमती नसताना जुलै अखेरपासून त्यांनी हाताने व्हिसा लिहायला घेतले आणि जपानमार्गे जाण्याचे दोन हजारांहून अधिक दिले. एकेका व्हिसावर कुटुंबच्या कुटुंब निघालं. सोव्हिएत निर्गमन परवाना मिळवायचा, मग सैबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोक, तिथून बोटीने त्सुरुगा. कुरासावला जायचा विचार यांतल्या कुणाच्या मनात नव्हता. वाचलेल्यांत लिथुआनियन नागरिक मोजकेच होते. बहुतेक लिथुआनियन ज्यू मागेच राहिले आणि पुढच्या वर्षी जर्मन आले.

त्याच जुलैत वॉशिंग्टनमध्ये आणखी एक कागद निघाला. 23 जुलै 1940 रोजी अमेरिकेचे कार्यवाहक परराष्ट्रमंत्री समनर वेल्स यांनी बाल्टिक देश गिळंकृत करण्याची ही कृती मान्य नसल्याचं निवेदन काढलं. चार ओळींच्या निषेधाने काय होतं, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण त्यातूनच एक अजब स्थिती जन्माला आली. लिथुआनिया नकाशावरून पुसला गेला, तरी वॉशिंग्टनमधली त्याची वकिलात उघडीच राहिली. राजदूत पोव्हिलास झादेकिस आपल्या जागेवर राहिले, न्यूयॉर्क आणि शिकागोच्या वाणिज्य कचेऱ्या चालू राहिल्या, आणि खर्च निघाला तो अमेरिकेने गोठवून ठेवलेल्या लिथुआनियाच्याच पैशांतून. या कचेऱ्या पासपोर्ट देत राहिल्या, त्यांची मुदत वाढवत राहिल्या. 1944 मध्ये पश्चिमेकडे पळालेले सुमारे 60 हजार लिथुआनियन जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांतून पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात पांगले. त्यांच्यातल्या काहींनी नवं नागरिकत्व घेतलं तरी जुना पासपोर्ट कपाटात जपला. घर पडलं तरी सात-बारा जपून ठेवतात, तसा. राजनैतिक मंडळींच्याही पिढ्या बदलल्या. निर्वासित दूतसेवेचे प्रमुख स्तासिस लोझोराइतिस वारले, आणि 1987 मध्ये त्यांचाच त्याच नावाचा मुलगा वॉशिंग्टनच्या वकिलातीचा प्रमुख झाला.

मायदेशात राहिलेल्यांकडे मात्र सोव्हिएत पासपोर्ट होता आणि त्यांचा प्रश्न उलटा होता. आधी आपल्याच सरकारकडून बाहेर पडायचा व्हिसा मिळवायचा, समोरच्या देशाचा नंतर. त्यासाठी कामाच्या ठिकाणचं शिफारसपत्र, पक्षाची संमती, गुप्तचर खात्याचा होकार, आणि कुटुंबातलं कुणीतरी मागे राहील याची खात्री. फार तर बल्गेरियाची सहल पदरात पडायची. 'कोंबडी हा काही पक्षी नव्हे, बल्गेरिया हा काही परदेश नव्हे,' अशी म्हणच रशियन भाषेत होती.

परवान्याची वाट न पाहणारेही होते. 23 नोव्हेंबर 1970 रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ एक सोव्हिएत मासेमारी जहाज अमेरिकी तटरक्षक नौकेला लागून उभं असताना रेडिओ ऑपरेटर सिमास कुदिरका याने पलीकडे उडी मारली. अमेरिकी अधिकाऱ्यांनी सोव्हिएत खलाशांना नौकेवर येऊ दिलं. त्यांनी त्याला मारत, बांधून परत नेलं. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. ओरडा झाला, निदर्शनं झाली. पण तो शेवटी सुटला तो एका जन्मनोंदीमुळे. त्याची आई न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मली होती असं निघालं, म्हणजे मुलगाही अमेरिकी नागरिक. 1974 मध्ये तो अमेरिकेत पोहोचला. उडीने जे साधलं नाही ते दाखल्याने साधलं.

11 मार्च 1990 रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य परत मिळाल्याचं जाहीर केलं. जाहीर करणं सोपं होतं, सीमा आखणं नव्हे. विमानतळावर शिक्के मारणारे अजूनही सोव्हिएत होते. नव्या सरकारने रस्त्यांच्या कडेला लहानशा डब्यांतून जकात चौक्या मांडल्या. आतले कर्मचारी जवळजवळ निःशस्त्र. 1991 च्या पूर्वार्धात सोव्हिएत विशेष पोलिसांनी या चौक्या जाळल्या, माणसांना झोडपलं. 31 जुलै 1991 च्या पहाटे व्हिल्नियस-मिन्स्क रस्त्यावरच्या मेदिनिंकाय चौकीवर त्यांनी डोक्यात गोळ्या घातल्या. सात जण मेले. आठवा, तोमास शेर्नास, कायमचं अपंगत्व घेऊन वाचला आणि पुढे धर्मोपदेशक झाला. त्याच दिवशी मॉस्कोत बुश आणि गोर्बाचेव्ह अण्वस्त्रकपातीच्या करारावर सह्या करत होते. पाच आठवड्यांनी, 6 सप्टेंबरला, मॉस्कोने लिथुआनियाला मान्यता दिली.

त्यानंतरची दहा वर्षं रांगांची. नवा पासपोर्ट हातात आला, पण पश्चिमेच्या वकिलातींना तो गरीब, नवख्या देशाचा पासपोर्ट दिसत होता. एकेका देशाशी वाटाघाटी करून व्हिसा उठवावे लागले. मार्च 2001 मध्ये युरोपीय संघाने व्हिसा लागणाऱ्या नि न लागणाऱ्या देशांच्या सामाईक याद्या केल्या, तेव्हा लिथुआनिया दुसऱ्या यादीत बसला. 1 मे 2004 रोजी तो संघाचाच सदस्य झाला आणि 21 डिसेंबर 2007 रोजी शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात गेला. ज्या पोलिश सीमेपायी लोक एकेकाळी वळसे घेत होते, तिथल्या चौक्या रिकाम्या झाल्या.

सगळ्यात उशीर लावला तो अमेरिकेने, आणि याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. ज्या देशाने पन्नास वर्षं लिथुआनियाचा पासपोर्ट जिवंत ठेवला, तोच देश स्वतंत्र लिथुआनियनाला व्हिसाच्या खिडकीसमोर उभा करत राहिला. व्हिसा नाकारले जाण्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आत हवं, असा नियम होता. 2007 च्या कायद्याने तो सैल झाला आणि 17 नोव्हेंबर 2008 पासून लिथुआनिया व्हिसामाफीच्या योजनेत आला. देश मान्य करणं वेगळं आणि माणसाला उंबऱ्याच्या आत घेणं वेगळं. कॅनडाने त्याच वर्षी मार्चमध्ये दार उघडलं होतं, पण चिप असलेल्या नव्या पासपोर्टांपुरतंच.

दारं उघडली तशी माणसंही गेली. 1990 मध्ये 37 लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत 28 लाखांवर आली. ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वेत वस्त्या झाल्या. तिथलं नागरिकत्व घेतलं की बहुतेकांचं लिथुआनियन नागरिकत्व जातं, कारण घटना दुहेरी नागरिकत्व अपवादानेच देते. गोव्यात पोर्तुगालमधल्या नोंदणीवरून घराघरात जी चर्चा चालते तीच ही. घटना बदलायला 2019 आणि 2024 मध्ये सार्वमत झालं. दोन्ही वेळा मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने हो म्हटलं, पण एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्यांचा होकार लागतो, तो भरला नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनला ओळखपत्र पुरेनासं झालं, आणि एप्रिल 2025 पासून लंडनच्या बहिणीला भेटायला जातानाही आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते.

पूर्वेला गोष्ट वेगळीच वळली. कालिनिनग्राद हा रशियाचा तुकडा लिथुआनियाच्या पलीकडे आहे. 2003 मध्ये रशियनांना व्हिसा लावताना रेल्वेने आरपार जाणाऱ्यांसाठी वेगळा प्रवासकागद काढावा लागला. बेलारूसने 15 एप्रिल 2022 पासून लिथुआनियनांना एकतर्फी व्हिसामाफी दिली. युक्रेनवर हल्ला होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि तो हल्ला बेलारूसच्या भूमीवरूनही झाला होता. लिथुआनियाचं सरकार नागरिकांना सांगतं, जाऊ नका. कागदावर हा रकाना 'व्हिसा लागत नाही' असाच भरला जातो. रस्त्यावर मात्र 2023 आणि 2024 मध्ये सहापैकी चार चौक्या लिथुआनियाने स्वतःच बंद केल्या. मागे ठेवल्या दोन, शाल्चिनिंकाय आणि मेदिनिंकाय. मेदिनिंकायला मिन्स्ककडे जाणाऱ्या रस्त्यालगत 1991 चा तो जकातीचा डबा काचेच्या आवरणाखाली ठेवलेला आहे.