आपोआप अपडेट बंद केलं, तर नेमकं काय बंद होतं?

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींना ऐरोलीहून मुलीचा फोन आला आणि तो त्यांना उचलताच येईना. कॉल घ्यायला त्या रोज बोट वर सरकवायच्या. त्या दिवशी ते आडवं सरकवायचं झालं होतं. रिंग वाजून वाजून थांबली, पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. आई एकटी आणि फोन उचलत नाही, म्हणून मुलीनं घाबरून मला कळवलं. मी दार वाजवलं तर मावशी फोन हातात धरून रडवेल्या झालेल्या. "अरे, मी काहीच केलं नाही. रात्री ठेवला तेव्हा बरा होता. हे आपोआप बदलणं कायमचं बंद करून दे बघू."

मागणी रास्त होती. ज्या वस्तूवर आपण आजारपणात, अडीअडचणीत विसंबून असतो, ती आपल्याला न विचारता बदलावी हे कुणालाही खटकेल. पण "बंद करून दे" म्हणजे नेमकं काय बंद करायचं? अँड्रॉइड फोनमध्ये नवं सामान तीन वेगवेगळ्या दारांनी येतं, आणि एका दाराला कडी लावली म्हणून बाकीची दोन बंद होत नाहीत.

मावशींचा घोळ झाला तो पहिल्या दारानं. गूगलच्या फोन अ‍ॅपचं रूप त्या दिवसांत बदललं होतं आणि प्ले स्टोअरनं ते नवं अ‍ॅप परस्पर उतरवून घेतलं. याचा फोनच्या मूळ सिस्टीमशी काही संबंध नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सचं ऑटो-अपडेट बंद करता येतं. एखाद्याच अ‍ॅपचं थांबवायचं असेल तर त्या अ‍ॅपच्या पानावर वरच्या तीन टिंबांत ती खूण काढता येते. मावशींसाठी तेवढीही गरज नव्हती. नव्या फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्येच कॉल कसा घ्यायचा ते निवडता येतं. बोट सरकवण्याऐवजी बटण नुसतं दाबायचा पर्याय त्यात आहे, तो मी लावून दिला.

दुसरं दार बहुतेकांना माहीतच नसतं. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून सिस्टीमचे काही सुटे भाग, उदाहरणार्थ व्हिडिओ-ऑडिओ उलगडणारे भाग किंवा जगभरातल्या वेळांची माहिती, गूगल स्वतः बदलू शकतं. त्यासाठी फोन बनवणाऱ्या कंपनीची वाट पाहावी लागत नाही. याला 'गूगल प्ले सिस्टीम अपडेट' म्हणतात. ते गुपचूप उतरतं आणि फोन पुन्हा सुरू केला की लागू होतं. ते बंद करायचं साधं बटण सेटिंग्जमध्ये नाही.

तिसरं दार म्हणजे खरं सिस्टीम अपडेट, जे कंपनी पाठवते. 'अपडेट बंद कसं करायचं' असं लोक विचारतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं. त्याची वाट डेव्हलपर ऑप्शन्समधून जाते. 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट दाबलं की हा लपलेला विभाग उघडतो, आणि त्यात बऱ्याच फोनवर 'ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स' नावाचं बटण दिसतं. त्याखालची बारीक ओळ मात्र नीट वाचावी. फोन रीस्टार्ट होताना अपडेट लागू करायचं की नाही, एवढंच ते बटण ठरवतं. अपडेट आल्याची सूचना येत राहणार. ते आधीच उतरवून ठेवणं थांबवायचं तर सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर 'वाय-फायवर आपोआप डाउनलोड'सारखा वेगळा पर्याय असतो. त्याचं नाव कंपनीगणिक बदलतं. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण तिनं बऱ्याच जणांची अडचण होते: डेव्हलपर ऑप्शन्स सुरू दिसले की काही बँकांची आणि पैसे पाठवायची अ‍ॅप्स उघडायलाच नकार देतात.

अपडेट लागू होतं म्हणजे आत काय घडतं, हे ठाणे-नवी मुंबईच्या माणसाला समजावणं सोपं आहे. वाशीच्या खाडीवर १९७० च्या दशकातला पहिला पूल होता. तो थकू लागला तेव्हा वाहतूक थांबवून तोच पाडून बांधला असता तर लोकांचे हाल झाले असते. जुन्यावरून गाड्या चालू असतानाच शेजारी दुसरा पूल उभा राहिला आणि १९९७ मध्ये वाहतूक त्यावर वळवली गेली. अँड्रॉइडमध्ये २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून हीच युक्ती आली. फोनच्या साठवणीत सिस्टीमसाठी 'ए' आणि 'बी' अशा दोन जागा. आपण 'ए'वर फोन वापरत असतो, तेव्हा नवी सिस्टीम 'बी'मध्ये सावकाश लिहिली जाते. रीस्टार्ट म्हणजे फक्त वाहतूक वळवण्याचा क्षण. आणि नव्या पुलावरून फोन उभाच राहिला नाही, तर तो आपण होऊन जुन्यावर परततो. त्याआधीच्या फोनमध्ये अपडेटच्या वेळी बराच वेळ नुसता रोबोटचं चित्र पाहत बसावं लागायचं, आणि मध्येच बॅटरी गेली तर फोन निकामी व्हायची धास्ती असायची. आजही अनेकांच्या मनातली अपडेटची भीती त्या दिवसांची आहे.

दोन अख्खे पूल ठेवायचे तर जागा फार जाते. म्हणून २०२० पासून, अँड्रॉइड ११ मध्ये, थोडी वेगळी पद्धत आली: जेवढा भाग बदलला तेवढाच मोकळ्या जागेत लिहायचा आणि रीस्टार्टनंतर सगळं नीट चाललं की मग मूळ जागी मिसळायचा. हे लक्षात ठेवा, याची गरज पुढे लागणार आहे.

मग थांबवावं का? काही वेळा थांबवणं शहाणपणाचं असतं, आणि हे मी मनापासून म्हणतो. वाशीतल्या एका रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा फोन पहाटे रीस्टार्ट झाला. रीस्टार्टनंतर पिन टाकेपर्यंत फोनमधली खासगी माहिती कुलूपबंद असते, त्यामुळे साधे कॉल येऊ शकतात, पण अनेक अ‍ॅप्सचे संदेश अडकून राहतात. तिला वॉर्डच्या गटातला बोलावणं आल्याचा संदेश तासभर उशिरा दिसला. अशा कामाच्या माणसानं रीस्टार्टची वेळ स्वतःच्या हातात ठेवलीच पाहिजे. शिवाय अपडेट दर वेळी भलं करतंच असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये गूगलनं पिक्सेल ४ए या फोनसाठी असं अपडेट काढलं की काही फोनची बॅटरी मुद्दाम कमी क्षमतेनं चालू लागली. आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, तेव्हा मुंबई विमानतळावरही रांगा लागल्या होत्या. फोनची सिस्टीम अपडेट्स सहसा आधी थोड्याच फोनवर सोडतात आणि मग हळूहळू वाढवतात, ते असं काही घडू नये म्हणूनच. आपण आठवडाभर थांबलो तर पहिल्या तुकडीतल्या चुका बाहेर आलेल्या असतात.

आठवडाभर आणि कायमचं यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो समजायला एक प्रसंग सांगावा लागेल. जुलै २०१५ मध्ये जोशुआ ड्रेक या संशोधकानं अँड्रॉइडमधली एक त्रुटी उघड केली. व्हिडिओ वाचणाऱ्या 'स्टेजफ्राइट' नावाच्या भागात ती होती. खास बनवलेला एमएमएस, म्हणजे व्हिडिओ जोडलेला मेसेज, आला की फोन तो स्वतःच उतरवून तपासायचा आणि त्या तपासण्यातच घुसखोराचं काम होऊन जायचं. मालकानं काही दाबायची गरज नव्हती. या धक्क्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून गूगलनं दर महिन्याला सुरक्षेची दुरुस्ती आणि तिची जाहीर यादी काढायला सुरुवात केली.

ती यादी उघड असते, आणि इथंच 'मी अपडेट केलं नाही, म्हणजे माझा फोन होता तसाच राहिला' हा समज चुकतो. अँड्रॉइडचा मूळ कोड सगळ्यांना पाहता येतो. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की कुणीही जुना कोड आणि नवा कोड शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहू शकतो. जिथे ओळ बदलली तिथेच भोक होतं. काल जे भोक मोजक्या संशोधकांना ठाऊक होतं, त्याचा पत्ता आज सगळ्या जगाला मिळतो. तुमचा फोन तसाच राहिला असेल, पण त्याच्या भिंतीवर आता बाण काढून ठेवलेला आहे. जितके महिने थांबाल तितके बाण वाढतात.

सप्टेंबर २०१७ मध्ये उघड झालेल्या 'ब्लूबॉर्न' त्रुटींचं उदाहरण घ्या. त्यात ब्लूटूथ सुरू असणं पुरेसं होतं. दोन फोन जोडायचीही गरज नव्हती, फक्त हल्लेखोर ब्लूटूथच्या टप्प्यात हवा. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये एका माणसाच्या टप्प्यात किती फोन येतात याचा विचार करा. दुरुस्ती त्याच महिन्यात आली होती. ज्यांनी घेतली ते सुटले.

आपल्या अगदी दाराशी घडलेली घटना संगणकांची आहे, पण बोलते याच प्रश्नावर. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' हा विषाणू मार्स्क या जहाज-वाहतूक समूहाच्या संगणकांत शिरला आणि न्हावा शेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. तो ज्या भोकांतून पसरला, त्यातल्या एकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. पण त्याचा पहिला शिरकाव कसा झाला? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! हल्लेखोरांनी अपडेट पुरवणारी यंत्रणाच काबीज केली होती. अपडेट कुठून येतं याला इतकं महत्त्व आहे, म्हणून ते कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावरून किंवा कुणी पाठवलेल्या फाइलवरून कधीही घेऊ नये. फोनच्या स्वतःच्या मार्गानं आलेल्या प्रत्येक पॅकेजवर कंपनीची डिजिटल सही असते आणि फोन ती पडताळल्याशिवाय एक ओळही बदलत नाही.

"जुनंच परत आण ना" असंही मावशी म्हणाल्या होत्या. फोन अ‍ॅपचं अपडेट काढून टाकता येतं, पण सिस्टीमचं तसं नसतं. बऱ्याच नव्या फोनमध्ये एक आकडा जपून ठेवलेला असतो, आणि त्याहून जुनी सिस्टीम दिली तर फोन सुरूच होत नाही. आपल्याला हे जाचक वाटतं. पण ते नसतं तर चोरलेल्या फोनवर भोकांची जुनी सिस्टीम चढवून आत शिरणं सोपं झालं असतं.

फोन हातात होताच, म्हणून मी सेटिंग्जमध्ये 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट'समोरची तारीख पाहिली. जून २०२४. चौदा महिने जुनी! जे थांबवा म्हणून मावशी विनवत होत्या, ते त्यांच्या फोनवर कधीचंच थांबलेलं होतं. कारण सापडायला वेळ लागला नाही: रोज सकाळी येणारी फुलांची आणि देवांची चित्रं, व्हिडिओ, भजनं. मेमरी काठोकाठ भरलेली, आणि सिस्टीमचं मोठं अपडेट लिहायला पुरेशी मोकळी जागाच नाही. मग मी आणि मावशी दोघं मिळून फोटो निवडायला बसलो. नातीचे सगळे ठेवले. बाकीचे मावशींनी एकेक पाहून स्वतः काढले.

चार्जर लावला, वाय-फाय आमच्या घरचं दिलं. मावशींनी तोवर चहा टाकला. अपडेट मागे उतरत होतं आणि त्या त्याच फोनवर मुलीशी बोलत होत्या. रीस्टार्टला दोन-तीन मिनिटं लागली. मग मी पुन्हा ती तारीख उघडून दाखवली, आणि मावशींनी ती चष्मा लावून वाचली: जुलै २०२५.