कॅसेटची बाजू संपायची तेव्हा

१ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये वॉकमन विकायला काढला. त्या पहिल्या निळ्या-चंदेरी यंत्राला हेडफोन लावायला दोन जागा होत्या आणि वर एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि जवळच्या माणसाचं बोलणं हेडफोनमध्ये यायचं. चारचौघांत एकट्यानेच गाणी ऐकणं उद्धटपणाचं वाटेल, अशी धास्ती बनवणाऱ्यांनाच होती. लोकांना मात्र एकट्यानेच ऐकायचं होतं. पुढे ते बटण गेलं.

कानांची राखण करणारी आणखी एक गोष्ट त्या यंत्रात होती, पण तिच्याकडे तसं कोणी पाहिलं नाही. कॅसेटची बाजू संपायची. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात उरकते. खट् आवाज होतो, गाणं थांबतं, झाकण उघडून कॅसेट उलटी घालावी लागते. सेल उतरू लागले की गाणारा रेंगाळल्यासारखा गाऊ लागतो आणि नवे सेल मिळेपर्यंत ऐकणं बंद. या सक्तीच्या विश्रांतीमुळे कानांना किती उसंत मिळत होती, हे ती विश्रांती संपल्यावर कळू लागलं.

मोठ्या आवाजाने बहिरेपण येतं, ही माहिती तेव्हा नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलं आहे: दिवसभर तांबं ठोकून त्यांचे कान जातात. १८८६मध्ये ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते पाहिलं. शंभरातल्या एकाचीही श्रवणशक्ती शाबूत नव्हती. विसाव्या शतकात यातूनच कारखान्यांसाठी नियम आले. ८५ डेसिबलच्या गोंगाटात दिवसाला आठ तास, ही त्यातली सर्वांत परिचित मर्यादा. डेसिबलचं गणित फसवं असतं. आवाज तीनच डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ८८ डेसिबलला चारच तास आणि ९१ला दोन.

म्हणजे कानावर पडणारा भार आवाज आणि वेळ या दोघांवर ठरतो. मला या सगळ्या इतिहासात हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण नंतरच्या प्रत्येक सुधारणेने वेळेवरचा एकेक लगाम काढला. ऑक्टोबर २००१मध्ये आलेल्या आयपॉडमध्ये हजार गाणी मावायची. मग गाणी फोनमध्ये आली, पुढे थेट इंटरनेटवरून वाजू लागली. संपायला काही उरलंच नाही. कामगाराची पाळी तरी सुटते. अभ्यास, प्रवास आणि झोप लागेपर्यंतचा वेळ इअरफोन घालून काढणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाचे तास मोजायला कोणीच नसतं.

प्रवासातलं ऐकणं तर जास्तच घातक. आगगाडीच्या खडखडाटावर मात करायला आपण नकळत आवाज चढवतो. तोच आकडा तसाच ठेवून रात्री शांत खोलीत इअरफोन घालून पाहा, दचकून काढाल.

आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या वळणदार नळीत, जन्मतः सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लाटेबरोबर त्यांचे सूक्ष्म केस झुकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. अतिश्रमाने त्या थकतात. गोंगाटातून बाहेर पडल्यावर कानाला दडे बसतात किंवा बारीक शिट्टी वाजत राहते, ती हीच अवस्था. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात, माणसात येत नाहीत.

सकाळी दडे सुटले की सगळं पूर्ववत झालं, असा समज बराच काळ डॉक्टरांचाही होता. २००९मध्ये अमेरिकेतल्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की श्रवणचाचणी पूर्ववत झाल्यावरही केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यामधले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसात हे किती घडतं यावर अजून वाद आहे.

आकड्यांबाबतही सावध राहायला हवं. अमेरिकेतल्या १२ ते १९ वर्षांच्या मुलांत श्रवणदोषाचं प्रमाण १९८८–९४मध्ये १४.९ टक्के होतं, ते २००५–०६मध्ये १९.५ टक्के आढळलं आणि २०१०मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा मोठा गदारोळ झाला. पण २००९–१०च्या पाहणीत तेच प्रमाण १५.२ टक्के निघालं. सरसकट एक पिढी बहिरी होते आहे, असं यावरून म्हणता येत नाही. धोका त्यांच्यातल्या रोज, मोठ्याने आणि वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यांना आहे. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २००८मध्ये हेच सांगितलं: रोज तासाभराहून जास्त वेळ मोठ्या आवाजात, किमान पाच वर्षं ऐकणाऱ्या ५ ते १० टक्के लोकांना कायमच्या श्रवणहानीचा धोका. त्यानंतर युरोपात विकल्या जाणाऱ्या प्लेअरना ८५ डेसिबलची मूळ मर्यादा आली. ती ओलांडता येते, पण आधी धोक्याची सूचना दिसते.

वेळेचा हिशेब धरणारं जागतिक मानक जाहीर व्हायला मात्र २०१९ उजाडावं लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास आणि लहान मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास अशी शिधा ठरवून दिली आहे. किती खर्च झाली, ते यंत्रानेच मोजून दाखवायचं. ८९ डेसिबलने ऐकलं तर मोठ्यांची आठवड्याची शिधा पाच तासांत संपते. हे मानक ऐच्छिक आहे, आणि फोनमधल्या मोजणीत एक अडचणही आहे: आपण किती जोराने वाजवतो ते फोनला माहीत असतं, पण दुसऱ्याच कंपनीचा वायरचा इअरफोन जोडला तर त्यातून प्रत्यक्ष कानात किती आवाज पोचतो, याचा त्याला अंदाजच करावा लागतो.