पुलित्झर पुरस्कार आणि आफ्रिकन-अमेरिकन लेखक-पत्रकार

अमेरिकेत पत्रकारिता, साहित्य, नाटक आणि संगीत यांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातर्फे दिले जाणारे पुलित्झर पुरस्कार १९१७ मध्ये सुरू झाले. पहिली ३३ वर्षे त्यांत एकाही आफ्रिकन-अमेरिकन व्यक्तीचे नाव नाही. लिहिणारे नव्हते म्हणून नव्हे. लँगस्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, रिचर्ड राइट याच काळातले.

१९५० साली ‘ॲनी ॲलन’ या काव्यसंग्रहासाठी ग्वेंडोलिन ब्रूक्स यांना पुरस्कार मिळाला. शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वस्तीत त्या वाढल्या. ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात किशोरवयापासून त्यांच्या कविता छापून येत. पुरस्काराची बातमी आली तेव्हा बिल थकल्यामुळे त्यांच्या घरची वीज तोडलेली होती.

पत्रकारितेत हा मान आणखी उशिरा मिळाला आणि त्याचे कारण पुरस्काराच्या रचनेतच होते. पुरस्कार वृत्तपत्रांतील कामाला मिळे, मासिकांतील नव्हे. मोठ्या दैनिकांच्या संपादकीय विभागात मात्र कृष्णवर्णीयांना क्वचितच जागा मिळे; त्यांचे बरेचसे काम ‘एबनी’सारख्या मासिकांतून चाले. ‘एबनी’चे छायाचित्रकार मोनेटा स्लीट यांनी एप्रिल १९६८ मध्ये अटलांटात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांच्या पत्नी कोरेटा किंग आणि त्यांच्या मांडीवर विसावलेली पाच वर्षांची मुलगी बर्निस यांचे छायाचित्र टिपले. चर्चमध्ये प्रवेश मिळालेल्या छायाचित्रकारांत कृष्णवर्णीय कोणीच नव्हता. कोरेटा यांनी आग्रह धरला, म्हणून स्लीट आत जाऊ शकले. हे छायाचित्र वृत्तसंस्थेमार्फत दैनिकांत पोहोचले, त्यामुळेच ते पात्र ठरले आणि १९६९ चा पुरस्कार स्लीट यांना मिळाला.

१९९४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या शिकागो कार्यालयप्रमुख इझाबेल विल्करसन पत्रकारितेचा पुलित्झर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. त्यांच्या २०२० मधील ‘कास्ट’ या ग्रंथात वंशभेदाची भारतीय जातिव्यवस्थेशी तुलना आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांचा आधार आहे. मराठी वाचकाने तो आवर्जून वाचावा.

कथात्म साहित्यात जेम्स ॲलन मॅकफर्सन (१९७८) आणि ॲलिस वॉकर (१९८३) यांच्यानंतर टोनी मॉरिसन यांचे नाव येते. त्यांना मोठे राष्ट्रीय पुरस्कार डावलत आहेत, असे जाहीर निवेदन जानेवारी १९८८ मध्ये ४८ कृष्णवर्णीय लेखकांनी काढले. त्याच वर्षी त्यांच्या ‘बिलव्हेड’ या कादंबरीला पुलित्झर मिळाला, १९९३ मध्ये मॉरिसन यांना नोबेलही मिळाले.

या परंपरेचे मूळ मात्र कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्यात आहे. १८९२ मध्ये मेम्फिस येथे किराणा दुकान चालवणाऱ्या त्यांच्या मित्राची दोन सहकाऱ्यांसह जमावाने हत्या केली. वेल्स यांनी आपल्या वृत्तपत्रातून अशा हत्यांमागचे खरे कारण मांडले, तेव्हा जमावाने त्यांचे कार्यालय उद्ध्वस्त केले. त्या गावाबाहेर होत्या, म्हणून वाचल्या. पुढे शिकागोत राहून त्यांनी गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांत छापलेले आकडे जमवून पुरावा उभा केला. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुलित्झर मंडळाने त्यांच्या या वार्तांकनाचा विशेष गौरव केला तो २०२० मध्ये.