जुन्या दाराचं माप पाठवू नका

नवीन पल्ला चौकटीत बसत नाही म्हणून आमच्या दारांच्या कारखान्यात फोन येतो, तेव्हा आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माप कशाचं घेतलं होतं? उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच असतं. जुन्या पल्ल्याचं.

चूक समजण्यासारखी आहे. इतकी वर्षं तो पल्ला त्याच चौकटीत उघडत-मिटत होता, तेव्हा नवाही तेवढाच हवा, असं कुणालाही वाटेल. पण बसवला त्या दिवशी जेवढा होता तेवढा तो आज उरलेला नसतो. दमट हवेत फुगून घासायला लागला की सुतार येऊन रंधा मारतो. पुढे हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि फट वाढते. मध्येच कधीतरी फरशीवर फरशी टाकली जाते आणि पल्ला खालून कापला जातो. त्यात बिजागऱ्या झिजून तो एका अंगाला झुकलेला. झिजलेल्या चपलेवरून कुणी पायाचं माप काढत नाही, दारांच्या बाबतीत मात्र सर्रास काढतात.

माप घ्यायचं ते चौकटीचं, आणि तेही पल्ला जिथे बसतो त्या खाचेच्या आतलं. रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. उंची दोन्ही बाजूंना, वरच्या खाचेपासून तयार फरशीपर्यंत. फरशी अजून पडायची असेल तर दाराची घाई करू नका. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. हे कशाला, असं हमखास विचारलं जातं. रुंदी तिन्ही ठिकाणी सारखी येऊनही चौकट कललेली असू शकते आणि टेपला ते फक्त कर्णावरच कळतं. ८०० बाय २००० मिमीच्या खाचेत कर्णांमध्ये ४ मिमीचा फरक निघाला, तर चौकट वरच्या टोकाला सुमारे ५ मिमी कललेली आहे असं समजा. तिच्या रेषेत पल्ला टांगला की वरची फट एका कोपऱ्यात २ मिमीने कमी होते, आणि दार हात न लावता आपोआप उघडू किंवा मिटू लागतं. मग दोष बिजागरीला दिला जातो.

बाजूंना आणि वर आम्ही ३ मिमी फट ठेवतो. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत साधारण तेवढंच. सूतभर चूक झाली की एका बाजूची अख्खी फट गेली. म्हणून मापं मिलिमीटरमध्येच लिहा. आणि टेपच्या टोकाची पत्री हलते म्हणून ती ठोकून घट्ट करू नका. ती स्वतःच्या जाडीइतकी हलावी अशीच बनवलेली असते. त्यामुळे अडकवून घेतलेलं माप आणि आत टेकवून घेतलेलं माप, दोन्ही बरोबर येतात.

इतकी मापं मागून आम्ही उगाच अडवतो, अशी तक्रार असते. पण फ्लश दार, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट दिसणारं दार, ही अखंड फळी नव्हे. चारही कडांना लाकडी पट्टी असते, आत भराव. पट्टी ४-५ मिमी रंधता येते. त्याहून जास्त रंधली तर ती पातळ पडते आणि बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत. लहान झालेला पल्ला तर कुणालाच वाढवता येत नाही. तो आमच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहतो.

आणखी एक गोष्ट आमची चूक समजून दाखवली जाते: कुलपाकडची कड किंचित तिरपी असते. ती मुद्दाम तशी रंधलेली आहे. ३५ मिमी जाडीचा, ८०० मिमी रुंदीचा पल्ला फिरतो तेव्हा कड सरळ असेल तर तिचा आतला कोपरा बाहेरच्यापेक्षा पाऊण मिलिमीटर जास्त लांब जातो, फट तेवढी कमी होते आणि तो चौकटीला घासू शकतो. घरी आलेल्या सुताराला ती कड 'सरळ' करू देऊ नका.

बसवण्याचं फारसं सांगत नाही, तुमचा सुतार जाणता असेलच. तीन बिजागऱ्या लावा, दोनवर भागवू नका. पल्ला दोन दिवस त्याच खोलीत आडवा, सपाट ठेवा; गिलावा ओला असेल तर तो वाळेपर्यंत खोलीत आणूच नका. मात्र टांगण्याआधी वरची कड, खालची कड आणि कुलपाचं भोक यांना रंग किंवा सीलर लागलाच पाहिजे. एकदा दार टांगलं की खालची कड कुणाला दिसत नाही, ब्रशही पोचत नाही, आणि पाणी शिरतं ते तिथूनच. ही कड कोरी आढळली तर फुगल्याची तक्रार आम्ही वॉरंटीत धरत नाही.

हे सगळं जमण्यासारखं नसेल तर आमचा माणूस येऊन मापं घेऊन जाईल. त्याचे पैसे ऑर्डर दिल्यावर बिलातून वजा होतात, आणि त्या मापाचं दार बसलं नाही तर दुसरं करून देणं आमच्याकडे लागतं. मापं तुम्हीच पाठवणार असाल तर सोबत चौकटीचा समोरून एक फोटो जोडा आणि बिजागरी कुठल्या बाजूला हवी ते लिहा. दार स्वतःकडे ओढून उघडतं त्या बाजूला उभं राहून पाहा, आणि मग डावी की उजवी ते ठरवा.