यंत्रे तीच, माणसे सहापट : उत्पादकतेच्या प्रश्नामागील गिरण्यांचा इतिहास

दोन देशांत एकाच बनावटीची यंत्रे बसवली, तरी दरडोई उत्पादन सारखे का निघत नाही, या प्रश्नाचे बोलके उदाहरण मुंबईच्या कापडगिरण्यांत सापडते. कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढे अनेक दशके इथली यंत्रे प्रामुख्याने इंग्लंडच्या लँकेशायर या कापडउद्योगाच्या भागातून येत राहिली. नागपूरच्या एम्प्रेस मिलने तर १८८० च्या दशकातच सूत कातण्याच्या रिंग पद्धतीच्या नव्या चात्या बसवल्या. लँकेशायर तेव्हा म्यूल या जुन्या कताईयंत्रावरच विसंबून होते.

तरीही १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला एक कामगार जितके काम उरकत असे, तितक्यासाठी ब्रिटनमध्ये दीड आणि भारतात जवळपास सहा कामगार लागत, असे अर्थेतिहासकार ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ मध्ये दाखवले. मुख्य फरक यंत्राच्या वेगात नव्हता, तर एकेका कामगाराकडे किती यंत्रे सोपवली जात, यात होता.

मजुरी स्वस्त होती, आखूड धाग्याच्या कापसाचे सूत वारंवार तुटत असे आणि भरती जॉबरच्या, म्हणजे कामगार आणणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर चाले, अशी कारणे दिली जातात. त्यांपैकी स्वस्त मजुरीचे कारण मला अपुरे वाटते, कारण मजुरी जपानमध्येही कमीच होती आणि तरी दोन महायुद्धांच्या दरम्यान तिथे दर कामगारामागे यंत्रांची संख्या झपाट्याने वाढली. तिथल्या सूतगिरण्यांत बहुतांशी तरुण मुली काही वर्षे काम करून घरी परतत, त्यामुळे कोणाला न काढताही मनुष्यबळ घटवता येई. मुंबईत मात्र शेजारच्या मागावर बहुधा रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा गाववालाच उभा असे आणि आपण तिसरा माग घेतला की त्याची रोजी जाणार, हे विणकराला दिसत होते. १९२८ मध्ये गिरण्या सुमारे सहा महिने बंद राहिल्या, त्यामागे दोनऐवजी तीन माग चालवायला लावण्याची ही योजना एक मोठे कारण होती. याला कामचुकारपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

यंत्रभांडवलाने सारे उलगडत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या आकड्यांवरून मांडले : १९०९ ते १९४९ या काळात दर तासाच्या श्रमामागे उत्पादन दुप्पट झाले, पण त्यातला जेमतेम एक अष्टमांश वाटा वाढीव भांडवलाचा होता.

उरलेल्या वाट्यात व्यवस्थापनाचा भाग किती, याची चाचणी पुढे मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत झाली. बिघाडांची नोंद ठेवणे, सुताचा साठा लावून ठेवणे, दोषांचा रोज आढावा घेणे अशा साध्या सुधारणांनी पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. मग हे आधीच का झाले नव्हते? अनेक मालकांना त्याची गरजच वाटली नव्हती. शिवाय बाहेरच्यावर कारभार सोपवण्याची तयारी नसल्याने धंदा किती वाढेल, हे घरात कर्ते पुरुष किती आहेत यावर बरेचसे ठरत होते.